ज्ञानगंगा घरोघरी, पण यंत्र कोणाच्या घरी?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याकडून येणारा महामार्ग मिळतो. सिन्नरच्या बाजूने, ओझर-पिंपळगावच्या बाजूने शहरातील महाविद्यालयांत शिकावयास येणारी मुले-मुली या चौकातून रोज जातात-येतात. त्यांच्यात संगणकशास्त्राचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. कोणी बी.सी.ए.ला, कोणी बी.एस्सी. संगणकशास्त्राला, कोणी अभियांत्रिकी पदविकेला. द्राक्षबागेचे कर्ज डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याने, सातपूर-अंबडच्या कारखान्यात जादा पाळी करणाऱ्या कंत्राटी कामगाराने आपले मूल 'कॉम्प्युटरला घातलेले' असते. हा शब्दप्रयोगच बोलका आहे. घरात कॉम्प्युटर नाही, पण मुलगी कॉम्प्युटरला आहे! उच्च शिक्षणातील ई-लर्निंगचा आज जो गाजावाजा चालला आहे, त्याची इमारत या विसंगतीवर उभी आहे.

इतिहासाचा अथवा मराठी साहित्याचा विद्यार्थी ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकून आणि ग्रंथ वाचून पुष्कळ काही मिळवू शकतो. संगणकाच्या विद्यार्थ्याचे तसे नाही. सुताराच्या मुलाच्या हाती रंधा न देता त्याला सुतारकामावरील व्याख्याने ऐकवावीत, तसा तो प्रकार होतो. वरवर पाहता ई-लर्निंग सर्वांत सोयीचे संगणकाच्या विद्यार्थ्यालाच असावे, असे वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. त्याच्या बाबतीत शिकण्याचे माध्यम आणि शिकण्याची वस्तू एकच असते; म्हणून ज्याच्याजवळ यंत्र नाही तो एकाच वेळी दोहोंना मुकतो. ई-लर्निंगची खरी कसोटी लागते ती येथे, आणि म्हणूनच या एका शाखेच्या विद्यार्थ्यांचा विचार आम्ही स्वतंत्रपणे करीत आहोत.

आम्ही ई-लर्निंगचे विरोधक नाही. पाळीवर जाणारा कामगार, घरकाम आणि शेतीकाम उरकून रात्री पुस्तक हाती घेणारी विवाहिता, परीक्षेला एकदा बसून शिक्षण सोडावे लागलेला तरुण यांना ठरावीक वेळी वर्गात हजर राहण्याची अट म्हणजे शिक्षणाचा बंद दरवाजा होय. तो दरवाजा उघडण्याची मूळ कल्पना समाजवादी चळवळीतूनच पुढे आली, याचा आम्हांस अभिमान आहे. ब्रिटनमधील मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ साली 'आकाशवाणीवरून चालणाऱ्या विद्यापीठा'ची कल्पना मांडली. ते पंतप्रधान झाल्यावर खाणकामगाराची कन्या असलेल्या जेनी ली यांनी मंत्री या नात्याने ती तडीस नेली. १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत शिक्षण सुरू झाले. पूर्वीच्या परीक्षांची कोणतीही अट प्रवेशास नव्हती.

त्या विद्यापीठाने केवळ दूरचित्रवाणीवर व्याख्याने दाखवून आपले कर्तव्य संपविले नाही, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगसाहित्याच्या पेट्या टपालाने घरी पाठविल्या जात. त्यांत लहानसा सूक्ष्मदर्शकही असे. गणिताच्या विद्यार्थ्यांना संगणक वापरता यावा म्हणून गावोगावच्या अभ्यासकेंद्रांत टेलिप्रिंटरसारखी यंत्रे बसवून ती दूरच्या संगणकाशी जोडली होती. हे सर्व १९७०च्या दशकात, जेव्हा एका संगणकाला एक खोली लागत असे! विद्यार्थी दूर आहे म्हणून साधनांची जबाबदारी त्याच्यावर ढकलावी, असा विचार त्या योजनेच्या कर्त्यांनी केला नाही. विद्यार्थी दूर आहे, तर साधनेही त्याच्यापर्यंत पोहोचविली पाहिजेत, असे त्यांनी मानले. मुक्त शिक्षण आणि स्वस्तातले शिक्षण यांतील भेद तो हाच.

आपल्याकडे १९८२ साली आंध्र प्रदेशात, १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी यांच्या नावाने आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने मुक्त विद्यापीठे स्थापन झाली. गंगापूर धरणाच्या परिसरात उभ्या राहिलेल्या नाशिकच्या विद्यापीठाने 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतले आणि पहिले कुलगुरू प्राचार्य राम ताकवले यांच्या काळात त्या ब्रीदाला साजेसे कामही केले. दहावी-बारावी न झालेल्या प्रौढाला पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून पदवीपर्यंत जाण्याची वाट त्याने दिली. शेतकऱ्यांसाठी कृषी अभ्यासक्रम काढले. पाठ्यपुस्तके एकट्याने वाचून समजतील अशा मराठीत लिहून घेतली. आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अभ्यासकेंद्र व तेथील संमंत्रण यांना योजनेत स्थान दिले. सुटीच्या दिवशी जवळच्या महाविद्यालयात जावे, संमंत्रकाला शंका विचाराव्यात, आपल्यासारखेच चार शिकणारे भेटावेत, ही व्यवस्था पुस्तकाइतकीच मोलाची होती. अनेक केंद्रांवर संमंत्रण कागदोपत्रीच उरले, ही तक्रार जुनी आहे आणि ती खोटी नाही. तरीही विद्यार्थ्याने कोठे तरी जावयाचे आहे आणि तेथे कोणी तरी भेटावयाचे आहे, हे तत्त्व मान्य झालेले होते.

पुढे २००१ साली राज्य शासन व विद्यापीठे यांचे भागभांडवल असलेली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ ही कंपनी निघाली आणि 'एमएस-सीआयटी'ची केंद्रे तालुक्यातालुक्यांत दिसू लागली. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरविली गेल्याने या केंद्रांना गिऱ्हाईक आपोआप मिळाले. शासनाने सक्ती करावी आणि शुल्क उमेदवाराने भरावे, हा व्यवहार आम्हांस तेव्हाही पटण्यासारखा नव्हता, आजही नाही. पण त्या केंद्रांत एक गोष्ट होती. जो पैसे भरी त्याच्यापुढे ठरलेला वेळ यंत्र असे, आणि माऊस कसा धरावा येथपासून दाखविणारे माणूस जवळ असे.

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि हेही गेले. साथीच्या काळात दुसरा उपाय नव्हता, हे मान्य. पण त्या वेळी देशाची स्थिती काय होती? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार, म्हणजे २०१७-१८ साली, ग्रामीण भागातील शंभरांपैकी साडेचार कुटुंबांतदेखील संगणक नव्हता. नेमका आकडा ४.४ टक्के. शहरी भागात तो २३.४ टक्के होता. इंटरनेटची सोय ग्रामीण भागातील १४.९ टक्के आणि शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांत होती. हे आकडे शासनाचेच. ते हाताशी असताना 'शिक्षण थांबणार नाही' अशी घोषणा झाली. कोणाचे थांबणार नाही, हे तेवढे सांगावयाचे राहिले.

त्या दीड-दोन वर्षांत संगणकाच्या विद्यार्थ्याने काय अनुभवले, हे ज्यांनी जवळून पाहिले त्यांना वेगळे सांगावयास नको. तळहाताएवढ्या पडद्यावर शिक्षकाच्या यंत्रावरील अक्षरे मुंगीएवढी दिसत. दिवसाचा डेटा दुपारीच संपे. घरात एक मोबाइल आणि शिकणारी भावंडे तीन असली की कोणाचा तास महत्त्वाचा, याचा निवाडा आईला करावा लागे. आणि तो बहुधा मुलाच्या बाजूने लागे, मुलीच्या नव्हे. पेठ-सुरगाण्यासारख्या डोंगरी तालुक्यांत वीज आणि रेंज एकाच वेळी असणे हा योग. संपर्कासाठी टेकडी चढणाऱ्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे त्या वर्षी राज्यभरच्या वृत्तपत्रांत छापून आली आणि त्यांच्या जिद्दीचे कौतुक झाले. जिद्द खरीच होती. पण टेकडी चढावी का लागते, हा प्रश्न कौतुकात बुडून गेला.

आणि प्रात्यक्षिके? सी भाषेतील आज्ञावली मोबाइलवर लिहावयाची म्हणजे काय, याची कल्पना हा विषय न शिकलेल्या वाचकाला येणार नाही. या भाषेत महिरपी कंस, अर्धविराम, टक्क्याचे चिन्ह यांवाचून एक ओळ पुरी होत नाही. आणि मोबाइलच्या कळफलकावर ही चिन्हे दुसऱ्या-तिसऱ्या पानावर दडलेली असतात. दहा ओळी लिहिण्यास अर्धा तास जातो. त्यात एक अर्धविराम राहिला की यंत्र इंग्रजीत त्रुटींची यादी पुढे टाकते. प्रयोगशाळेत अशा वेळी शिक्षक खांद्यावरून वाकून पाहतो, 'सातव्या ओळीत बघ' एवढेच म्हणतो आणि पुढे जातो. ते तीन शब्द म्हणजे अध्यापन होय. ध्वनिचित्रफितीतील शिक्षक कितीही विद्वान असो, त्याला तुमची सातवी ओळ दिसत नाही. मग विद्यार्थी काय करतो? वर्गातील ज्या एका मुलाकडे लॅपटॉप आहे, त्याने चालविलेल्या आज्ञावलीचे छायाचित्र गटावर येते. तेच साऱ्यांच्या प्रात्यक्षिक वहीत जाते. वही पूर्ण, गुण पूर्ण, विद्या शून्य. विद्यार्थ्याला येथे लबाड ठरविणे सोपे आहे. पण ज्याला करण्यासाठी यंत्रच दिले नाही, त्याच्याकडून केल्याचा पुरावा मागणारी व्यवस्था त्याच्याहून अधिक लबाड आहे.

परीक्षांचे तेच. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही, यावर राज्य शासन आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांचा वाद झाला. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेविना पदवी देता येणार नाही असा निर्णय दिला आणि राज्यातील विद्यापीठांनी घाईघाईने बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा उरकल्या. मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण संस्थेची परीक्षा तर ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ल्याचे कारण सांगून पुढे ढकलावी लागली. परीक्षेची यंत्रणा बाहेरच्या कंपनीच्या हाती, आणि ताटकळला तो नोकरीतून रजा काढून परीक्षेस बसलेला विद्यार्थी.

साथ संपली. मुले वर्गात परतली. मग हा इतिहास आता कशासाठी उगाळावयाचा, असे कोणी विचारील. उत्तर असे की, संकटकाळी जे नाइलाज म्हणून स्वीकारले गेले, ते आता धोरण म्हणून राहावयास आले आहे. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या व्यासपीठावरील अभ्यासक्रमांतून पदवीचे वीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळविण्याची मुभा २०१६ च्या नियमांत होती. ती २०२१ साली चाळीस टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली. 'स्वयम्'वरील अनेक अभ्यासक्रम उत्तम आहेत. नामांकित संस्थांतील प्राध्यापकांची व्याख्याने सिन्नरच्या विद्यार्थ्याला विनामूल्य मिळावीत, याला कोण हरकत घेईल? परंतु ज्या राज्यात महाविद्यालयीन शिक्षकांची हजारो पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक तुटपुंज्या मानधनावर राबत आहेत, तेथे या चाळीस टक्क्यांचा अर्थ संस्थाचालक कसा लावतील, हे सांगावयास ज्योतिषी नको. शिक्षकाला पूरक म्हणून आलेली चित्रफीत शिक्षकाच्या जागी बसविली जाईल.

संगणकाच्या अभ्यासक्रमांत ही भीती अधिक आहे, कारण ते बहुतांशी कायम विनाअनुदानित आहेत. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तांत्रिक शिक्षणाची दारे खाजगी संस्थांना उघडून दिली, तेव्हापासूनचा हा प्रवाह. ज्या महाविद्यालयात मराठीच्या वा भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला शासन वेतन देते, त्याच इमारतीत संगणक शिकविणाऱ्या शिक्षकाचे वेतन विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघते आणि म्हणून जितके कमी तितके बरे असे ठरते. चार वर्षे टिकेल असा शिक्षक तेथे दुर्मिळ. प्रयोगशाळेतील यंत्रे जुनी होतात, बदलली जात नाहीत. महाविद्यालय पाचला बंद होते आणि कुलूपबंद खोलीत ती रात्रभर स्वस्थ बसतात, तर तीच आज्ञावली विद्यार्थी घरी मोबाइलवर झगडत लिहितो. २०२४ साली राज्य शासनाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र त्या मुलीला लागणारा लॅपटॉप अजून तिच्या बापाच्या उसनवारीतूनच यावयाचा आहे.

यावर शासनकर्त्यांचे ठरलेले उत्तर म्हणजे उपकरणवाटप. ऑक्टोबर २०११ मध्ये 'आकाश' नावाचा सुमारे सव्वादोन हजार रुपयांचा टॅब्लेट दिल्लीत मोठ्या समारंभाने प्रकाशित झाला. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती तो जाणार होता. यंत्र मंद, स्पर्शाला न दाद देणारे निघाले, पुरवठा रखडला आणि काही वर्षांत योजना विस्मरणात गेली. द्वारका चौकात पादचाऱ्यांसाठी बांधलेल्या भुयारी मार्गाची आठवण येथे व्हावी: तो वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिला आणि माणसे वाहनांच्या गर्दीतून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडत राहिली. ज्यांना चालावयाचे आहे त्यांना न विचारता बांधलेल्या वाटांचे असेच होते.

याच देशात, याच राज्यात, निराळ्या रीतीने केलेले कामही आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प केंद्र सरकारच्या साहाय्याने चालला. सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ, विषय लिनक्स, सी, पायथन यांसारखे, आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पाठाची रचनाच अशी की, विद्यार्थ्याने यंत्रापुढे बसून एक कृती पाहावी, थांबवावे, तीच स्वतः करावी, मग पुढे जावे. जी प्रणाली शिकवावयाची ती मुक्त, म्हणजे परवान्याचे पैसे न लागणारी. इंटरनेट नसेल तर पाठ उतरवून घेऊन प्रयोगशाळेत चालविता येतात. ई-लर्निंग कसे असावे, याचा हा नमुना. पण यातही यंत्र हवेच आणि प्रयोगशाळा उघडी हवीच. भाषेचा मुद्दाही येथे सुटू नये. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तर्कात कमी पडत नाही, तो त्रुटीच्या संदेशातील इंग्रजीला अडतो. २०२१ पासून मराठीतून संगणक अभियांत्रिकी शिकविण्याचा प्रयोग राज्यात सुरू झाला, त्याची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात. त्यांतले बहुतेक स्वतः इंग्रजी शाळांतून आलेले असतात, हे आपले जाता जाता.

आता या सर्वांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२२ च्या अखेरीपासून मागाल ती आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मोबाइलवर आली. ज्याने प्रयोगशाळेत शंभर चुका करून हात बसविला आहे, त्याला हे साधन कामाचे. आलेले उत्तर बरोबर की चूक, हे तो पारखू शकतो. ज्याला एकटे सोडले गेले, त्याच्यासाठी ते शिकण्याचीच जागा घेते. आणि नोकरीच्या बाजारात नेमकी याच मुलाची गरज प्रथम संपते. टाटा कन्सल्टन्सीने जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. या क्षेत्रात पदवी हाती आली की नोकरी ठरलेली, ही समजूत आता उरलेली नाही. मग कर्ज काढून 'कॉम्प्युटरला घातलेल्या' मुलाच्या हाती विद्येवाचून दुसरे काय राहते? तीच त्याला मिळालेली नसेल, तर त्याची आणि त्याच्या घराची फसवणूक झाली, असेच म्हटले पाहिजे.

काही जुन्या सहकाऱ्यांना संगणकविरोधी लढ्यांची आठवण असेल. १९६०च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाला रोखून धरले. त्यावरून चळवळीला आजही प्रतिगामी म्हणून हिणविले जाते. पण १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणाविषयी करार केला, तो कोणी सांगत नाही. यंत्र यावे, परंतु कोणत्या अटींवर यावे, हे काम करणारा आणि मालक समोरासमोर बसून ठरवतील, हे त्या करारातील तत्त्व. उच्च शिक्षणात ई-लर्निंग आले ते अशा कोणत्याही कराराविना. विद्यार्थ्याला कोणी विचारले नाही, शिक्षकाला विचारले नाही. आणि विद्यापीठाने द्यावयाची खोली, वीज, यंत्र आणि जोडणी यांचा खर्च बिनबोभाट विद्यार्थ्याच्या घराच्या वहीत चढला.

तो करार आता करावयाचा आहे. महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा रात्री नऊपर्यंत आणि रविवारी उघडी राहिली पाहिजे. त्यासाठी एक सहायक नेमण्याचा खर्च विद्यापीठाने सोसावा. ग्रंथालय पुस्तक देते त्याच पद्धतीने सत्रभरासाठी लॅपटॉप देण्याची सोय हवी, आणि ती प्रथम वसतिगृहांतील व आदिवासी तालुक्यांतील विद्यार्थ्यांना हवी. मुक्त विद्यापीठाच्या ज्या अभ्यासकेंद्रात चालू यंत्रे आणि प्रत्यक्ष येणारा संमंत्रक नाही, त्याला संगणकाच्या अभ्यासक्रमाची मान्यता असू नये. 'स्वयम्'वरील अभ्यासक्रम ज्यांना द्यावयाचा त्यांनी खुशाल द्यावा, पण त्यासाठी महाविद्यालयातील एकही शिक्षकपद कमी करता कामा नये. यांतील एकही मागणी अशी नाही की जिच्यासाठी नवी इमारत किंवा परदेशी तंत्रज्ञान लागेल.

नाशिकमधील आमच्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थी मित्रांनी प्रवेशाचे दिवस येण्यापूर्वी एक काम हाती घ्यावे. शहरातील प्रत्येक महाविद्यालयात आणि अभ्यासकेंद्रात संगणकाचे विद्यार्थी किती, चालू स्थितीतील यंत्रे किती, प्रयोगशाळा आठवड्यात किती तास उघडी असते आणि तेथे पूर्णवेळ नेमलेले शिक्षक किती, याची नोंद करावी. जेथे सरळ उत्तर मिळणार नाही, तेथे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. विनाअनुदानित संस्था हात झटकतील. त्यांची माहिती संलग्नता देणाऱ्या विद्यापीठाकडे मागावी. अर्जाला दहा रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लागतो आणि उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे.